'सून' म्हणजे केव्हा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. साफसफाईच्या निमित्ताने माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत गिरणीचा बिल्ला, जुने रेशनकार्ड, पगाराच्या काही चिठ्ठ्या आणि रुमालात गुंडाळलेले एक इंग्रजी पत्र निघाले. पत्र टंकलिखित, एका पानाचे, नोव्हेंबर १९८३ मधले. आजोबा मुंबईच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, त्यांत आजोबाही होते. पुढे त्यांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. हिशोबाच्या रकमेसाठी त्यांनी अर्ज केला, त्याचे हे उत्तर. मजकूर एवढाच, की आपला अर्ज पोचला असून देय रकमेबाबत आपणांस 'सून' कळविण्यात येईल.

मी पत्र वाचून दाखवले. आजोबा म्हणाले, "आरं, तू कालेजात इंग्रजीच शिकतोस न्हवं? मग ह्यो 'सून' म्हंजी नेमका कवा, त्येवढं सांग. चाळीतला शिकल्याला मानूस म्हनला व्हता, लवकरच. म्या म्हनलं, बरं."

आजी आतून म्हणाली, "ह्यांच्या कागदातली सून काय आली न्हाई. माझ्या मातुर दोन आल्या." ते खरेच होते. १९९८ साली माझी आई या घरात आली आणि २००३ साली धाकटी काकू. रक्कम आजतागायत आलेली नाही. सगळे हसले, मीही हसलो. पण इंग्रजी विशेष विषय घेऊन तिसऱ्या वर्षाला बसलेल्या मला आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, हे मनाला लागून राहिले. महाविद्यालय सुरू झाल्यावर ग्रंथालयातले मोठे शब्दकोश उघडले. एका लहानशा कालवाचक क्रियाविशेषणापाठी जे हाती लागले, ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवीत आहे.

सोन्याची सून

प्रथम उच्चाराचा विचार करू. इंग्रजी शाळेत शिकू लागलो, तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाला एक शंका आली असेल. 'सून', 'मून', 'टूथ', 'फूड' या शब्दांत दोन 'ओ' लिहायचे आणि वाचताना मात्र 'ऊ' म्हणायचे, हा कुठला न्याय? न्याय आहे, फक्त तो फार जुना आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'सोना' असा होता. त्यातला 'ओ' लांबवून म्हणत. चंद्राला 'मोना' म्हणत, दाताला 'टोथ' आणि अन्नाला 'फोडा'. काळाच्या ओघात शब्दांच्या शेवटचा स्वर झिजला आणि 'सोना'चे 'सोन' झाले. पुढे साधारणपणे १४०० ते १७०० या तीन शतकांत इंग्रजीतील दीर्घ स्वर एकेक पायरी वर सरकले. 'ग्रेट व्हावेल शिफ्ट' या नावाने आपण ते अभ्यासतो. त्या सरकासरकीत दीर्घ 'ओ'चा 'ऊ' झाला. स्पेलिंग मात्र जागेवर राहिले. तेव्हा 'सून'मधले दोन 'ओ' ही लेखनिकाची चूक नसून जुन्या उच्चाराची खूण आहे.

शब्दाचे रूप असे बदलले, तसा त्याचा अर्थही बदलला. जुन्या इंग्रजीत 'सोना'चा अर्थ होता तत्क्षणी, ताबडतोब, त्याच घडीला. आज 'सून' म्हणजे थोड्या वेळाने, लवकरच. लगेच नव्हे. 'आय विल कम सून' असे म्हणणारा मनुष्य त्या वेळी दारात उभा नसतो, एवढे निश्चित. 'ताबडतोब'पासून 'लवकरच'पर्यंतची ही घसरण कशी झाली? आणि ती याच शब्दाची झाली की आणखी कोणाची?

एकच पुस्तक, अनेक भाषांतरे

शब्दाचा अर्थ शतकानुशतके कसा बदलला हे पाहायचे असेल, तर एकाच ग्रंथाची निरनिराळ्या काळांतील भाषांतरे शेजारी शेजारी ठेवावीत. इंग्रजीत यासाठी बायबल सोयीचे पडते. त्यातले मार्कचे शुभवर्तमान आपल्या कामाला विशेष उपयोगी आहे, कारण त्याचा लेखक नेहमी घाईत असतो. मूळ ग्रीकमधील 'लगेच' या अर्थाचा शब्द त्या लहानशा पुस्तकात सुमारे चाळीस वेळा येतो. पहिल्याच अध्यायात येशू बाप्तिस्मा घेऊन पाण्यातून वर येतो, तिथे तो आहे.

इ. स. १००० च्या सुमारास झालेल्या वेस्ट सॅक्सन भाषांतरात या ठिकाणी 'सोना' आहे. म्हणजे तेव्हा हा शब्द पूर्ण वजनाचा होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या नावाने ओळखले जाणारे भाषांतर झाले. त्यात 'सोना'चा वंशज दिसत नाही, त्याच्या जागी 'अनॉन' आला. १६११ च्या अधिकृत भाषांतरात 'अनॉन' जाऊन 'स्ट्रेटवे' आला. १९४६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या सुधारित आवृत्तीत 'स्ट्रेटवे'ही गेला आणि 'इमीजिएटली' आला. क्षण तोच, प्रसंग तोच, पण साडेनऊशे वर्षांत 'लगेच' सांगायला चार वेगवेगळे शब्द लागले. भाषांतरकारांची आवडनिवड त्यात असेलच. तरी जुन्या शब्दाचे वजन उतरले होते, हेही कारण उघड दिसते.

सहाव्या अध्यायातला प्रसंग तर अधिक बोलका आहे. हेरोद राजाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत हेरोदियेची मुलगी नृत्य करते. राजा खूश होऊन मागशील ते देईन अशी शपथ घेतो. मुलगी आईचा सल्ला घेऊन धावत परत येते आणि योहानाचे शिर तबकात घालून आत्ताच्या आत्ता द्या, असे मागते. या 'आत्ताच्या आत्ता'साठी १६११ च्या भाषांतरात शब्द आहे 'बाय अँड बाय'. आजच्या इंग्रजीत 'बाय अँड बाय' म्हणजे पुढेमागे, सावकाशीने. आजचा वाचक ते वाक्य वाचील, तर त्याला वाटेल की मुलगी म्हणते आहे, काही घाई नाही, सवडीने दिलेत तरी चालेल! मूळात 'एकामागून एक, क्रमाने' असा या शब्दसमूहाचा अर्थ होता. तिथून तो 'लागलीच'वर आला आणि तिथून 'कधीतरी'वर गेला. १८८१ साली सुधारणा करणाऱ्यांना तो बदलून 'फोर्थविथ' घालावा लागला, आणि १९४६ साली तोही काढून 'अ‍ॅट वन्स' घातला गेला.

अनॉनची गोष्ट

'अनॉन' हा 'ऑन आन' या दोन शब्दांचा जोड. अर्थ 'एकात', म्हणजे एकाच दमात, मध्ये काही न येता. शब्द कसा भक्कम दिसतो! पण शेक्सपिअरच्या काळापर्यंत त्याची काय गत झाली होती, ते 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागातील मद्यगृहाच्या प्रवेशात पाहावे. हे नाटक १५९८ साली छापले गेले. राजपुत्र हॅल फ्रान्सिस नावाच्या पोऱ्याला बोलण्यात गुंतवतो आणि त्याचा मित्र पॉइन्स आतल्या खोलीतून त्याच पोऱ्याला हाका मारीत राहतो. प्रत्येक हाकेला फ्रान्सिसचे उत्तर एकच, 'अनॉन'. तो जातही नाही आणि थांबतही नाही. शेवटी दोन्हीकडून हाका येऊ लागतात तेव्हा कुठे वळावे हेच त्याला कळेनासे होते.

आपल्याकडच्या हॉटेलात बसून हा प्रवेश आठवावा. चार टेबलांवरून ऑर्डरी सुटलेल्या असतात आणि पोऱ्या प्रत्येकाला 'आलो साहेब' म्हणत पाचव्या टेबलाकडे निघालेला असतो. पोऱ्या खोटे बोलत नाही. एका माणसाला चार ठिकाणी लगेच जायचे असते एवढेच. पण 'अनॉन' ऐकून ऐकून गिऱ्हाईक मनाशी ठरवते, की 'अनॉन' म्हणजे अजून पाच मिनिटे. शब्दाचा अर्थ असा घसरतो. त्याचा अर्थ बोलणारा ठरवीत नाही, वाट पाहणारा ठरवतो.

'प्रेझेंटली'चेही तेच झाले. 'टेम्पेस्ट' नाटकात प्रॉस्पेरो आज्ञा करतो तेव्हा एरिअल हाच शब्द उच्चारून विचारतो, लगेच का? आणि उत्तर मिळते, की डोळ्याचे पाते लवायच्या आत. आज मात्र इंग्लंडात त्याचा अर्थ 'थोड्या वेळाने' असा घेतात. 'सध्या' हा त्याचा आणखी जुना अर्थ स्कॉटलंड व अमेरिकेत टिकून राहिला, आणि आपल्याकडेही नोकरीच्या अर्जात आपण 'प्रेझेंटली' लिहितो तो याच अर्थाने. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना येथे 'सद्यः' आठवेल. मम्मटाने सांगितलेल्या काव्यप्रयोजनांतील 'सद्यःपरनिर्वृती'मध्ये त्याचा अर्थ तत्काळ असा आहे. मराठीतल्या 'सद्यःस्थिती'त तोच शब्द 'चालू काळ' दाखवतो. 'तत्काळ' आणि 'सध्या' यांचे हे शेजारपण इंग्रजीतच आहे असे नाही.

जिथे अर्थ टिकला

मग 'सून'चा जुना अर्थ अगदीच नाहीसा झाला काय? नाही. तो आपल्या सर्वांच्या तोंडी आहे, आणि तोही शाळेपासून. दहावीच्या परीक्षेला बसलेला महाराष्ट्रातला कोणता विद्यार्थी 'अ‍ॅज सून अ‍ॅज'चे 'नो सूनर... दॅन' करायला विसरला असेल? घंटा वाजली रे वाजली की मुले बाहेर पळाली, असल्या वाक्यांनी आपण वह्या भरल्या. त्या वाक्यांत 'सून'चा अर्थ 'लवकरच' असा घेऊन पाहा. घंटा वाजल्यावर लवकरच, म्हणजे काही वेळाने, मुले पळाली, असे होईल. ते चुकीचे आहे. तिथे अर्थ आहे त्याच क्षणी. म्हणजे ज्या वाक्यरचनेचा आपण पाठांतरासाठी कंटाळा केला, तिच्यात हजार वर्षांपूर्वीचा 'सोना' शाबूत बसलेला आहे.

तो तिथेच का टिकला, याविषयी मला एक कारण सुचते. 'अ‍ॅज सून अ‍ॅज'मध्ये दोन घटना एकमेकींना बांधलेल्या असतात. घंटा वाजणे आणि मुले पळणे यांच्यामध्ये कोणी आश्वासन देणारा नसतो. जी गोष्ट घडून गेली, तिला उशीर करता येत नाही. मार्कच्या भाषांतरातला 'सोना' हासुद्धा घडलेल्या गोष्टींच्या कथनातला आहे. शब्द झिजतो तो वचनात. 'येतो', 'देतो', 'कळवतो' या क्रियापदांशेजारी तो बसला, की त्याचे वजन बोलणाऱ्याच्या वागणुकीवर अवलंबून राहते. हा सिद्धान्त म्हणून मांडण्याची माझी पात्रता नाही. गुरुजनांनी त्यातल्या त्रुटी जरूर दाखवाव्यात.

या कुळातला आणखी एक शब्द सांगून पुढे जातो. 'आय वुड सूनर डाय' म्हणजे त्यापेक्षा मी मरण पत्करीन. येथे 'अधिक लवकर'चा अर्थ 'अधिक पसंतीने' असा झाला. आपण रोज वापरतो त्या 'रादर'चे मूळही असेच आहे. जुन्या इंग्रजीतल्या 'जलद' या अर्थाच्या शब्दाचे ते तुलनावाचक रूप. माणूस ज्याकडे आधी धावतो ते त्याला अधिक आवडते, हा व्यवहार भाषेने बरोबर टिपला आहे.

शेजाऱ्यांकडे आणि आपल्याकडे

इंग्रजीच्या शेजारी भाषांत डोकावले तर तिथेही वेळेचे शब्द भलत्याच घरांतून आलेले दिसतात. जर्मनमध्ये 'लवकरच'ला 'बाल्ट' म्हणतात. तो इंग्रजी 'बोल्ड'चा सख्खा भाऊ. धीटपणे, म्हणून झटपट, म्हणून लवकरच. फ्रेंचमधल्या 'बियँतो'तला 'तो' हा ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ 'भाजलेला'. इंग्रजी 'टोस्ट' त्याच घरातला. तापलेली वस्तू चटकन हाताळावी लागते, म्हणूनच की काय, पण शब्द 'चटकन'कडे वळला खरा. उलटी चाल केलेला एक शब्द इंग्रजीतच आहे. 'नून' म्हणजे मूळात सूर्योदयापासूनचा नववा तास, म्हणजे दुपारचे तीन. तो मागे मागे येत बारावर पोचला. त्याचे कारण विद्वान उपासनेची आणि उपासानंतरच्या जेवणाची वेळ अलीकडे आली यात शोधतात. वचनाचा शब्द पुढे ढकलला जातो आणि जेवणाचा अलीकडे ओढला जातो, हे कोणत्याही वसतिगृहात राहणाऱ्याला पटावे!

आणि आपली मराठी? आपण तर काळच बदलून टाकतो. बाहेर निघालेला मनुष्य उंबरठ्यावरून 'आलोच' म्हणतो. जाण्याआधीच भूतकाळात परत येऊन मोकळा! 'आत्ता' पुरेसा वाटेना म्हणून 'आत्ताच' झाला, तोही पुरेना म्हणून 'आत्ताच्या आत्ता'. 'लगेच'मध्ये 'च' आहेच, तरी आईला आम्हांला 'लगेच्या लगेच' म्हणावे लागते. शब्द झिजला की आपण त्याची दुप्पट करतो आणि इंग्रज नवा शब्द शोधतो. पण नवा तरी कुठला? 'अनॉन' झिजल्यावर आलेल्या 'अ‍ॅट वन्स'मध्येही तोच 'एक' दडलेला आहे. एकाच धातूचे जुने नाणे गुळगुळीत झाले, म्हणून त्याच धातूचे नवे पाडले. हल्ली कार्यालयीन पत्रव्यवहारात 'अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल'ची आद्याक्षरेच तेवढी लिहितात. चार शब्द लिहिण्याइतका धीर नाही, इतकी ती घाई. आणि तो निरोप मिळालेला मनुष्य 'शक्य तितक्या लवकर' यातल्या 'शक्य' या शब्दाला घट्ट धरून बसतो.

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा आजोबांना हे सगळे सांगितले. तिळगुळाचे ताट पुढे होते आणि आजी, आई, काकू सगळ्या ऐकत बसल्या होत्या. मी म्हणालो, "आजोबा, हजार वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ ताबडतोब असाच होता. लोकांनी दिलेला शब्द पाळला नाही, म्हणून त्याचा अर्थ पातळ होत गेला."

आजोबांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी त्यो कागद हजार वर्सं उशिरा लिवला म्हनायचा," ते म्हणाले.

मग त्यांनी पत्र मागून घेतले, घडीवर घडी बसवून पुन्हा रुमालात गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवायला माझ्या हातात दिले. मी विचारले, "एवढ्या वर्षांनी आता कशाला जपून ठेवता हे?"

"असू दे," आजोबा म्हणाले. "तारीख हाय त्याच्यावर."